कोबुर्गचं झाड, वसईची फांदी

दिवाळीचे कंदील उतरले की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची सजावटीची दुकानं आठ-पंधरा दिवसांत कात टाकतात. पणत्या, रांगोळीचे छाप, लक्ष्मीची पावलं मागच्या फळीवर जातात आणि दुकानाच्या तोंडाशी हिरव्या प्लॅस्टिकची झाडं उभी राहतात, दोन फुटांपासून आठ-दहा फुटांपर्यंत. कागदी आकाशकंदिलांच्या जागी पाच टोकांच्या चांदण्या लटकू लागतात. विजेच्या माळा मात्र जागच्या हलत नाहीत. दिवाळीत ज्या खिडकीच्या गजांना गुंडाळल्या होत्या, त्याच डिसेंबरात झाडावर चढतात, हे दुकानदारालाही ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकालाही.

गिऱ्हाईक आता फक्त वांद्रे, माहीम, वसईचं राहिलेलं नाही. डोंबिवलीतली आणि कोथरूडमधली घरंही झाड नेतात. शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमातून ती मागणी घरात शिरते आणि आई-बाबा ‘एक छोटंसं घेऊ’ म्हणून सुरुवात करतात. या मंडळींचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. खरं तर तो पंख्याचा असायला हवा. मुंबईत डिसेंबरातही पंखा फिरतोच, आणि झाडाचा शेंडा पात्यांच्या टप्प्यात आला तर चमकीच्या झिरमिळ्या घरभर होतात. नऊ फुटी छताच्या खोलीला सहा फुटांचं झाड पुष्कळ झालं. तेही उंचीला बसलं म्हणून जमिनीवर बसेलच असं नाही, कारण त्याचा घेर तीन-साडेतीन फुटांचा असतो. सोफा, टीव्ही आणि बाल्कनीचं दार यांच्यामधून एवढी जागा काढायची म्हणजे काहीतरी सरकवावं लागतंच.

जाणतं गिऱ्हाईक उंची आणि घेर विचारून झाल्यावर टोकं विचारतं. फांदीला फुटलेली हिरवी अग्रं म्हणजे टोकं. खोक्यावर त्यांचा आकडा छापलेला असतो. सहा फुटांच्या झाडाला तीन-चारशे टोकं असली तर मधला लोखंडी दांडा लपत नाही, मग तो झाकायला चमकीच्या माळांचा मारा करावा लागतो. हजाराच्या आसपास टोकं असली तर झाड नुसत्या दिव्यांवरही शोभतं. स्वस्त झाडाची पानं पीव्हीसीच्या पातळ पट्ट्या कापून तारेत पिळलेली असतात. महागाची पॉलिथिलीनच्या साच्यातून काढलेली, खऱ्या फांदीवरून ठसा घेतलेली. बिजागरीच्या फांद्या दांडा उभा केला की आपोआप खाली येतात, आकड्याच्या फांद्या एकेक करून अडकवाव्या लागतात. दोन्ही प्रकारांत खरं काम पुढेच असतं. खोक्यात चेपलेली टोकं एकेक करून उलगडायची आणि वर, खाली, बाजूला अशी पसरायची. त्यात तासभर मोडतो. बहुतेक घरांत हा तास कोणी देत नाही आणि मग झाड मरतुकडं आलं म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो.

प्लॅस्टिकच्या झाडाला ‘नकली’ म्हणून नाकं मुरडणारेही बरेच. पण नकली झाडाची सुरुवात चीनमध्ये झाली नाही, ज्या जर्मनीने नाताळचं झाड जगाला दिलं तिथेच झाली. एकोणिसाव्या शतकात, हौसेपायी जंगलातली कोवळी झाडं आणि मोठ्या झाडांचे शेंडे कापले जाऊ लागले, तेव्हा तिथल्या कारागिरांनी हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेला गुंडाळली आणि तिच्या फांद्या केल्या. १९३०च्या दशकात अ‍ॅडिस ब्रश कंपनीने संडास घासायचे ब्रश वळणाऱ्या यंत्रांवरच झाडं वळली. तारेत केस पिळण्याची ती रीत आजच्या पीव्हीसी झाडातही दिसते. १९५९मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावी चक्क अ‍ॅल्युमिनियमची झाडं निघाली. झगझगीत, आणि धातूची असल्यामुळे विजेची माळ लावायची सोय नाही. म्हणून खाली रंगीत काचेची फिरती चकती आणि तिच्यामागे दिवा. सहा वर्षांनी, १९६५मध्ये, कार्टूनमधल्या चार्ली ब्राउन या पोराच्या नाताळावरचा टीव्हीपट आला. त्यात धातूच्या भपकेबाज झाडांमधून तो पोरगा एक किडकिडीत खरं झाड उचलतो. अ‍ॅल्युमिनियमची फॅशन त्यानंतर फार टिकली नाही.

खऱ्या झाडाचा माग काढत गेलं तर तो ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, अल्सास प्रांतात पोचतो. सेलेस्टा नावाच्या गावाच्या जमाखर्चात १५२१ सालची एक नोंद आहे: सेंट थॉमसच्या दिवसापासून झाडांवर पहारा ठेवण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले. म्हणजे नाताळच्या झाडाचा हा जुना लेखी पुरावा चक्क झाडचोरी थांबवण्याच्या खर्चाचा आहे. पुढे १६०५च्या सुमारास स्ट्रासबुर्गच्या घरांतून बैठकीच्या खोलीत झाडं उभी केल्याचं वर्णन मिळतं. त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगलेल्या. सफरचंदांचं कारण सरळ आहे. २४ डिसेंबर हा आदाम आणि एवेचा दिवस, आणि त्यांच्या नाटकात बागेतला वृक्ष दाखवायला हिवाळ्यात हिरवं राहणारं एकच झाड हाताशी होतं. त्यावर लाल फळं बांधली की एदेन बाग तयार. आज झाडावर लटकणारे लाल गोळे त्या सफरचंदांचेच वंशज आहेत. मार्टिन ल्यूथरने चांदण्या रात्री पहिल्यांदा झाडावर मेणबत्त्या लावल्या ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या काळातला एकही कागद तिला दुजोरा देत नाही.

दोनशे वर्षं ही चाल जर्मन भाषकांतच राहिली. बाहेर पडली ती लग्नांमधून. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज याची राणी शार्लट मेक्लेनबुर्गची. तिने १८०० साली विंडसरला मुलांच्या मेजवानीत टबात लावलेलं यूचं झाड सजवलं. ते दरबारापुरतंच राहिलं. खरा प्रसार केला साक्स-कोबुर्ग घराण्यातल्या दोन चुलत भावांनी. थोरला फर्डिनांड १८३६मध्ये पोर्तुगालच्या दुसऱ्या मारिया राणीचा नवरा झाला. धाकटा आल्बर्ट १८४०मध्ये व्हिक्टोरिया राणीचा. दोघांनीही आपापल्या सासरच्या राजवाड्यात मुलांसाठी झाडं उभारली. डिसेंबर १८४८मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने विंडसरच्या झाडाचं चित्र छापलं: टेबलावर ठेवलेलं आठेक फुटांचं फर, फांद्यांचे सहा थर, प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या, भोवती राणी, नवरा आणि मुलं. १८५०मध्ये अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने तेच चित्र उचललं, पण राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा खरवडून. लोकशाही देशातल्या वाचकाला ते एखाद्या सुखवस्तू अमेरिकन घरातलं झाड वाटावं म्हणून केलेली ही कारागिरी. तिचा परिणाम कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त झाला.

कोकणपट्टीच्या दृष्टीने या दोन भावांची गंमत अशी, की एकाच्या सासरकडे मुंबई होती आणि दुसऱ्याच्या सासरकडे गोवा. वसई मात्र दोन्हीकडे नव्हती. १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली वसई चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये जिंकून घेतली होती. त्या वेळी खुद्द लिस्बनच्या राजवाड्यात नाताळचं झाड उभं राहायला शंभर वर्षं बाकी होती. तेव्हा वसईच्या नाताळात पोर्तुगीज काळाचं काही असेल तर ते झाड नव्हे. तो आहे गोठा.

बाळ येशूच्या जन्माचा गोठा मांडायची चाल संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली सुरू केली असं मानतात, आणि कॅथलिक घरात नाताळचा मान त्याचाच. झाड ही बराच काळ प्रोटेस्टंटांची चाल समजली जाई. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते १९८२मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत. म्हणून वसईतल्या, मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांतल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घरांत डिसेंबर लागला की आधी तयारी होते ती गोठ्याची. टोपल्यांत, थाळ्यांत नाचणीचे किंवा भाताचे दाणे पेरायचे, म्हणजे २४ तारखेपर्यंत गोठ्यासमोर अंथरायला कोवळी हिरवळ मिळते. पेंढ्याचं छप्पर, मातीचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं, मेंढ्या, तीन राजे. पाळणा रिकामा. बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर ठेवायची. वसईच्या गावांमधून गोठ्यांच्या स्पर्धा लागतात आणि सार्वजनिक गणपतींच्या देखाव्यांसारखेच त्यांतही चालू घडामोडी डोकावतात. झाड या सगळ्याच्या शेजारी, जरा मागून आलेलं.

आणि ते आलं तेव्हा फर कुठून आणणार? हिमालयात फर आहे, देवदार आहे. पण वसईच्या माणसाने काश्मीरला जावं असं कोणी म्हणणार नाही. त्याने समुद्राकडे पाहिलं. किनाऱ्यावर सुरू होता. सुरूची फांदी वाळू भरलेल्या डब्यात किंवा बादलीत रोवायची, डब्याला रंगीत कागद गुंडाळायचा, फांदीवर कापसाचे पुंजके ठेवायचे की बर्फ पडला. वर पुठ्ठ्याची चांदणी. मुंबई-वसई-गोव्याच्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्यांचं नाताळचं झाड हेच होतं. त्याचं रूप मुळात बेतास बात. फांदी एका बाजूला झुकते, दागिन्याचं वजन पेलत नाही, चार दिवसांत पिवळटते. पण स्ट्रासबुर्गच्या माणसाने जे केलं, तेच या माणसाने केलं: हिवाळ्यात जे हिरवं मिळालं ते घरात आणलं. यूचं झाड सजवणाऱ्या राणीपेक्षा त्याचं झाड कमी अस्सल ठरवायला आधार नाही.

गंमत म्हणजे सुरू हा सूचिपर्णी वृक्षच नाही. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरांच्या बारीक हिरव्या डहाळ्या. खरी पानं प्रत्येक पेरावर खवल्यांच्या कड्यासारखी चिकटलेली असतात. झाड मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचं. एकोणिसाव्या शतकात कारवारकडे त्याची लागवड झाली, आणि पुढे वारा अडवायला, वाळू धरून ठेवायला कोकणच्या किनाऱ्यांवर त्याची बनं उभी राहिली. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याच बनांच्या फांद्या तुटतात, हा प्रश्न आहे. वनखात्याच्या लागवडीतून फांदी तोडायला परवानगी लागते, आणि शहरांच्या हद्दीत १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. तरी रस्त्यावर फांद्या विकायला येतात. त्या कुठून आल्या हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत जे मिळतं, ते सुरू नव्हे आणि फरही नव्हे. ते अरौकारिया. थरावर थर, प्रत्येक थरातून ताऱ्यासारख्या निघालेल्या आडव्या फांद्या, आणि वर नेमका एक शेंडा. विंडसरच्या चित्रातल्या झाडाला इतकं जवळचं दुसरं झाड आपल्या हवेत वाढत नाही. रोपवाटिकेत त्याला सरसकट नॉरफोक पाइन म्हणतात, पण मोठी झालेली बरीच झाडं त्याच्या भावकीतला कुक पाइन निघतात. दोन्ही प्रशांत महासागरातल्या बेटांवरची. १७७४मध्ये कॅप्टन कुकचं जहाज न्यू कॅलेडोनियाजवळ पोचलं, तेव्हा क्षितिजावर उंच सरळ खांब दिसले. ती झाडं की बेसॉल्टचे दगडी स्तंभ, यावरून जहाजावरच्या निसर्ग-अभ्यासकांत वाद रंगला. कुक म्हणाला झाडं, आणि तोच बरोबर निघाला.

या कुक पाइनची एक खोड आहे. तो सरळ वाढत नाही, विषुववृत्ताकडे कलतो. २०१७मध्ये संशोधकांनी पाच खंडांतली झाडं मोजून हे प्रसिद्ध केलं: उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे झुकलेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे, सरासरी साडेआठ अंशांनी, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर तितका कल जास्त. मुंबई-पुण्याच्या जुन्या बंगल्यांत, चर्चच्या आवारांत, गोव्यातल्या घरांच्या अंगणांत असं झाड दिसलं तर होकायंत्र काढून पाहायला हरकत नाही.

झाडावर टांगायच्या वस्तूंचा इतिहास गरिबीचा आहे. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा हे काचेचं गाव. तिथली पहिली भट्टी १५९७ची. १८४७च्या सुमारास हान्स ग्राइनर या काचकारागिराने फळांच्या, सुक्यामेव्याच्या आकाराचे काचेचे दागिने फुंकायला सुरुवात केली. त्याला झाडावर टांगायला खरी सफरचंदं परवडत नव्हती म्हणून, असं गावात सांगतात. १८६७मध्ये गावात गॅस आला आणि ज्योत हवी तशी बारीक करता येऊ लागली; त्यामुळे काच कागदासारखी पातळ फुंकता आली. मग घराघरांत कारखाने. बाप फुंकायचा, आई आतून चांदीचा मुलामा फिरवायची, मुलं रंगवायची आणि टोपण बसवायची. १८८०मध्ये फ्रँक वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने मोठ्या नाखुशीने २५ डॉलरचा हा माल घेतला. दोन दिवसांत तो संपला, आणि १८९०मध्ये वुलवर्थ स्वतः लाउशाला माल पाहायला पोचला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन माल बंद पडणार असं दिसलं तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या बल्बची काच काढणारं यंत्र दागिन्यांकडे वळवलं. लाउशातल्या एका कुटुंबाला वर्षभर पुरेल इतकं काम ते एका दिवसात करी. पुढे युद्धात धातू आटला तेव्हा टोपणं पुठ्ठ्याची आली, आतला मुलामा गेला आणि नुसत्या काचेवर रंगाच्या रेघा ओढल्या गेल्या. जुन्या वस्तू जमवणारे आज याच पुठ्ठ्याच्या टोपणांच्या गोळ्यांमागे लागतात.

आजच्या गोळ्यांपैकी बहुतेक प्लॅस्टिकचे, चीनमधल्या यीवू शहराच्या बाजारातून जगभर जाणारे. पण लंडन किंवा शिकागोच्या एखाद्या घरातल्या झाडावर उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादचा काचेचा गोळा असू शकतो. बांगड्यांचं हे गाव नाताळचे काचेचे दागिनेही परदेशी पाठवतं. मुरादाबाद पितळेच्या घंटा आणि तारे. काश्मीरचे कागदाच्या लगद्याचे गोळे तर या सगळ्यांत उजवे. लगदा साच्यावर थापून गोळा करणारा सख्तसाज वेगळा, त्यावर चिनारची पानं आणि किंगफिशर रंगवणारा नक्काश वेगळा. श्रीनगरच्या मुसलमान कारागिराचं वर्षाचं मोठं काम युरोप-अमेरिकेच्या नाताळावर चालतं. मुंबईत झाड सजवणाऱ्याला मात्र हे गोळे हस्तकलेच्या दुकानात शोधावे लागतात. समोरच्या दुकानात यीवूचा माल ढिगाने असतो. शोधावेत. प्लॅस्टिकचे पन्नास गोळे टांगण्यापेक्षा असे दहा बरे.

झाडावरच्या विजेच्या दिव्यांचं श्रेय एडिसनच्या कंपनीतल्या एका उपाध्यक्षाला. २२ डिसेंबर १८८२ रोजी एडवर्ड जॉन्सनने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या ऐंशी दिव्यांनी झाड सजवलं, आणि ते फिरत्या बैठकीवर ठेवलं. न्यूयॉर्कच्या पत्रांनी जाहिरातबाजी म्हणून दुर्लक्ष केलं. डेट्रॉइटच्या एका बातमीदाराने ही बातमी छापली. त्याआधी दोन वर्षं, १८८०च्या नाताळात, खुद्द एडिसनने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या आपल्या प्रयोगशाळेबाहेर दिव्यांच्या ओळी टांगल्या होत्या. मेन्लो पार्क ज्या गावाच्या हद्दीत आहे, त्याने १९५४मध्ये एडिसन हेच नाव घेतलं. आज त्या एडिसनमध्ये आणि भोवतालच्या गावांत भारतीयांची दाट वस्ती आहे, मराठी घरं भरपूर आहेत, आणि दिवाळीला अंगणातल्या झुडपांवर चढलेले दिवे थेट नववर्षानंतर उतरतात.

न्यू जर्सीचा नाताळच्या झाडाशी दुसराही संबंध आहे. १९०१ साली याच राज्यात ट्रेंटनजवळ मॅकगॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्याने नॉर्वे स्प्रूसची २५ हजार रोपं लावली. नाताळच्या झाडांची अमेरिकेतली ही पहिली शेती मानली जाते. तोवर झाडं जंगलातून येत. आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मराठी कुटुंबं मुलांना घेऊन अशाच शेतावर जातात, हातात करवत घेतात आणि स्वतः झाड कापतात. पहिल्या वर्षी आजी-आजोबा पुण्याहून आलेले असले तर ‘एवढं चांगलं वाढलेलं झाड कापायचं?’ हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर शेतावरच दिसतं. हे पीक आहे. सहा-सात फूट व्हायला आठ-दहा वर्षं घेतं, आणि कापलेल्या जागी वसंतात नवं रोप लागतं.

शेतावर निवड करताना सौंदर्याआधी स्वभाव पाहायचा. फ्रेझर फर सगळ्यांत मागणीचं: फांद्या टणक, पानगळ कमी. मूळचं दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगरातलं, नॉर्थ कॅरोलायनात त्याचे मळेच्या मळे आहेत. डग्लस फर दाट आणि मऊ. बाल्सम फरचा वास सगळ्यांत चांगला. व्हाइट पाइनची पानं रेशमी, पण फांद्या लेच्यापेच्या. जड गोळा टांगला की मान टाकतात. ब्लू स्प्रूस बोचरं असतं, आणि घरात मांजर असेल तर हा दोष गुणात जमा होतो. नॉर्वे स्प्रूसला चित्रातल्या झाडाचं रूप आहे, मात्र हीटर लावलेल्या खोलीत पानं ते सगळ्यांत आधी टाकतं. युरोपात या सगळ्यांना मागे टाकून नॉर्डमन फर पुढे गेलंय. त्याचे मळे डेन्मार्कमध्ये; बी मात्र अजूनही जॉर्जियातल्या राचा भागातून येतं, जिथे माणसं उंच झाडांच्या शेंड्यांवर चढून शंकू उतरवतात.

कापलेलं झाड विकत घ्यायचं असेल तर फांदी मुठीत धरून हलकेच आपल्याकडे ओढायची. हातात पानं आली तर पुढचं झाड पाहायचं. आतल्या बाजूची थोडी तपकिरी पानं गळतातच, त्यावरून घाबरू नये. घरी आणल्यावर बुंध्याचा इंचभर काप घ्यायचाच, कारण कापलेल्या तोंडावर काही तासांत चीक साकळतो आणि झाड पाणी ओढणं थांबवतं. बुंध्याच्या जाडीच्या प्रत्येक इंचामागे सुमारे लिटरभर पाणी मावेल असं स्टँड हवं. पहिल्या दिवशी झाड तीन-चार लिटरही पितं. पाण्यात साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे घालायचे सल्ले सोडून द्यावेत. साधं नळाचं पाणी पुरतं. हीटरच्या झोताजवळ झाड ठेवू नये, आणि सुकलेल्या झाडावर दिवे पेटते ठेवून झोपू नये.

आणि जानेवारीत? अमेरिकेत शेकडो नगरपालिका रस्त्याकडेची झाडं उचलून त्यांचा भुसा करतात. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची काही गावं मात्र ती समुद्राकाठी नेऊन टाकतात. वाऱ्याने उडालेली वाळू त्यांच्या फांद्यांत अडकते आणि वाळूच्या टेकड्या धरतात. तिकडे नाताळनंतर झाडं किनारा राखायला जातात, इकडे नाताळआधी किनारा राखणाऱ्या झाडांच्या फांद्या घरात येतात.

खरं झाड चांगलं की प्लॅस्टिकचं, यावर ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टचा हिशेब असा: दोन मीटरच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड, तेवढंच खरं झाड भुसा करून वापरलं तर साडेतीन किलो, कचराभूमीत कुजू दिलं तर १६. म्हणजे प्लॅस्टिकचं झाड अकरा-बारा नाताळ वापरलं तरच ते भुसा होणाऱ्या झाडाच्या बरोबरीला येतं. हा हिशेब तिकडचा आहे, पण त्यातला एक धडा इकडेही लागू पडतो. झाड कशाचं आहे यापेक्षा ते किती वर्षं टिकवलं हे महत्त्वाचं. माळ्यावर मोडकं खोकं असेल तर नवं घेण्याआधी ते खाली काढून टोकं नीट उलगडून पाहावीत.

सजवण्याचा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. गोळे आधी, माळ शेवटी, आणि मग माळेच्या ओढीने निम्मे गोळे खाली. आधी दिवे. ते लावण्याआधी जमिनीवर पसरून एकदा पेटवून पाहायचे. जुन्या पद्धतीच्या माळेत एक दिवा सैल असला तरी अख्खी ओळ अंधारात राहते. माळ बुंध्याजवळून सुरू करून फांदीच्या टोकापर्यंत न्यायची, परत आत आणायची, मग पुढची फांदी. नुसती बाहेरून गुंडाळली की झाडाला पट्टे बांधल्यासारखं दिसतं. अमेरिकेतला दंडक फुटाला शंभर दिव्यांचा. आपल्या दिवाणखान्यात त्याच्या निम्मे पुरेत, त्यातही एलईडी, कारण ते तापत नाहीत. कापूस ही जुनी हौस आहे, पण तापणाऱ्या दिव्यांजवळ तो ठेवायचा नाही. जड गोळे आत आणि खाली, हलके टोकांवर. काचेचे वर, म्हणजे घरात रांगतं मूल असलं तरी ते हाताला लागणार नाहीत. चांदणी शेवटी. ती आधी लावून मग फांद्या हलवणाऱ्यांची चांदणी वाकडीच राहते.

झाड उतरवायचा दिवस ६ जानेवारी, तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कासावली इथे त्या दिवशी मोठी जत्रा भरते. घरोघरी गोठा आणि झाड तेव्हाच आवरतं. गोळे एकेक करून कागदात गुंडाळावेत, माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळाव्यात. पुढच्या दिवाळीला त्या सुटसुटीत हाती लागतात.

यंदा पहिल्यांदाच झाड आणणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या आधी अरौकारियाची कुंडी पाहावी. ते बाल्कनीत उजेडात वर्षभर राहतं, पंधरा-वीस दिवस घरात आणलं तर कुरकुरत नाही, आणि पुढच्या नाताळाला थोडं उंच होऊन भेटतं. घेताना शेंडा तपासावा. शेंडा मोडला की झाडाची घडण बिघडते, आणि फांदीचं कलम लावून नवं उभं झाड मिळत नाही. ते आडवंच वाढत राहतं. म्हणून शेंडा तुटलेलं रोप अर्ध्या किमतीला मिळालं तरी घेऊ नये, आणि घरी चांदणी शेंड्याला न बांधता शेजारी रोवलेल्या काठीला बांधावी. सुरूची फांदी हवीच असेल तर ती किनाऱ्यावरून तोडू नका. ज्याच्या वाडीत सुरू आहे, त्याला विचारून घ्या.